सुगमता : गुण की दोष?
भावगीत, सुगम संगीत आणि ‘स्मूद जॅझ’ यांच्या निमित्ताने

१

कलाविषयक चर्चेत काही संज्ञा वर्गीकरणाच्या सोयीपोटी निर्माण होतात आणि पुढे मूल्यनिर्णय म्हणून वापरल्या जाऊ लागतात. ‘सुगम संगीत’ ही मराठीतील अशी एक संज्ञा होय. एखाद्या रचनेला ‘सुगम’ म्हटले की तिच्याविषयी वेगळे काही सांगण्याची गरज उरत नाही, असे रागसंगीताचे पुष्कळ जाणकार मानतात. आणि एखाद्या कवीला ‘गीतकार’ म्हटले की त्याच्या कवितेचा विचार संपला, असे साहित्याचे पुष्कळ अभ्यासक मानतात. दुसऱ्या बाजूला या गीतांवर मनापासून प्रेम करणारा फार मोठा श्रोतृवर्ग आहे आणि त्याला जाणकारांच्या मताची फारशी फिकीर नाही. दोन्ही पक्ष आपापल्या जागी निश्चिंत आहेत. परिणामी, गेल्या नव्वद वर्षांत मराठी कवितेचा जो भाग सर्वाधिक लोकांनी ऐकला आणि पाठ केला, तोच समीक्षेच्या कक्षेबाहेर राहिला. त्याच्या वाट्याला आठवणी आल्या, गौरवलेख आले, उपहासही आला. चिकित्सा क्वचितच आली.

प्रस्तुत लेखात ‘सुगमता’ या कल्पनेचा एक वाङ्मयीन मूल्य म्हणून विचार करावयाचा आहे. त्यासाठी ‘स्मूद जॅझ’ या अमेरिकी संगीतप्रकाराभोवती झालेल्या वादाचा तुलनेपुरता आधार घेतला आहे. जॅझ महाराष्ट्राला अगदीच परका नाही. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात तो १९३०च्या दशकापासून वाजत होता. चिक चॉकलेट यांच्यासारखे गोव्याहून आलेले वादक तो वाजवीत आणि यांतील अनेक वादक पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत स्थिरावले. ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाच्या सी. रामचंद्र यांनी केलेल्या संगीतात या मिलाफाचा ठसा स्पष्ट आहे. १९७८ पासून मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सवही भरू लागला. तथापि तुलनेचे खरे कारण वेगळे आहे. ‘सुगम संगीत’ आणि ‘स्मूद जॅझ’ या दोन्ही संज्ञा कलावंतांनी वा समीक्षकांनी घडविलेल्या नाहीत. त्या नभोवाणीच्या व्यवहारातून रूढ झाल्या. त्यांचा आरंभीचा अर्थ प्रसारणाच्या गरजेशी निगडित होता. तो सौंदर्यविषयक अर्थ कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे.

२

आधी अमेरिकेतील वाद थोडक्यात पाहू. १९६७ मध्ये गिटारवादक वेस माँटगोमेरी यांची ‘ए डे इन द लाइफ’ ही ध्वनिमुद्रिका आली. परिचित सुरावटी, तंतुवाद्यांची पार्श्वभूमी आणि आवरून धरलेले उत्स्फूर्त वादन असे तिचे स्वरूप होते. ती पुष्कळ खपली आणि जाणकारांची निराशा झाली. त्यानंतर जॉर्ज बेन्सन यांची ‘ब्रीझिन’ (१९७६) आणि ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर यांची ‘वाइनलाइट’ (१९८०) या ध्वनिमुद्रिकांनी हा मार्ग रुंद केला. १९८७ मध्ये लॉस एंजेलिस येथे ‘द वेव्ह’ हे नभोवाणी केंद्र सुरू झाले. श्रोत्यांच्या चाचण्या घेऊन, ज्या रचनेमुळे ते केंद्र बदलणार नाहीत अशाच रचना निवडण्याचे धोरण अशा केंद्रांनी स्वीकारले आणि त्या मिश्रणाला ‘स्मूद जॅझ’ हे नाव चिकटले. केनी जी यांच्या ‘ब्रेथलेस’ (१९९२) या ध्वनिमुद्रिकेच्या एकट्या अमेरिकेत एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. याच वादकाने लुई आर्मस्ट्राँग यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणावर आपले सॅक्सोफोनवादन चढविले, तेव्हा २००० मध्ये गिटारवादक पॅट मेथनी यांनी अत्यंत कठोर शब्दांत निषेध नोंदविला. पुढे २००८-०९ च्या सुमारास न्यूयॉर्क, शिकागो येथील अशी प्रमुख केंद्रे बंद झाली वा त्यांनी स्वरूप बदलले. संगीत राहिले, त्याचे मूळ प्रसारणपीठ मात्र आक्रसले.

या वादातील एक उपरोध ध्यानात घेण्याजोगा आहे. ‘स्मूद जॅझ’च्या विरोधात ज्या ‘खऱ्या’ जॅझची बाजू मांडली जाते, त्या जॅझवरच थिओडोर अडोर्नो यांनी १९३६ मधील आपल्या निबंधात हल्ला चढविला होता. जॅझमधील स्वातंत्र्य हे भासमान आहे आणि वरवरच्या चमत्कृतीखाली तोच ठराविक साचा आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. म्हणजे एका पिढीने जे सवंग ठरविले, तेच पुढच्या पिढीला अभिजाततेचे प्रमाण वाटले. यावरून सर्व मते सारखीच, असा सापेक्षतावादी निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. पण ‘सुलभ’ आणि ‘गंभीर’ यांमधील सीमारेषा कलाप्रकारांच्या मधून आखता येत नाही, एवढे त्यावरून निश्चित होते. ती आखावयाची असेल तर रचनारचनांच्या मधून आखावी लागेल.

३

मराठीकडे वळल्यावर प्रथम लक्षात येते ते हे की भावगीताचा उगम संगीतापेक्षा कवितेत अधिक आहे. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील यशवंत, गिरीश यांसारख्या कवींनी काव्यगायनाची प्रथा लोकप्रिय केली. कविता सभेत गाऊन दाखविल्याने तिला श्रोते मिळाले. त्याबरोबरच ती भावविवश आणि कृत्रिम होते असा आक्षेपही आला. आचार्य अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) या विडंबनसंग्रहाने त्या आक्षेपाला कायमचे वाङ्मयीन रूप दिले. म्हणजे भावगीत जन्माला येण्यापूर्वीच त्याच्यावरील टीका तयार होती.

त्यानंतर ध्वनिमुद्रिका आली. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता ग. ना. जोशी यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी ध्वनिमुद्रित केली आणि ती घरोघर पोहोचली. ज्या संग्रहाला या कवितेचे नाव मिळाले तो ‘शीळ’ प्रसिद्ध झाला १९५४ मध्ये. कविता ग्रंथरूपाने वाचकाच्या हाती पडण्याआधी सुमारे दोन दशके ती श्रोत्याच्या कानी पडत होती, ही घटना आपल्या वाङ्मयेतिहासांत जेवढ्या गांभीर्याने नोंदविली जावयास हवी तेवढी नोंदविली गेलेली नाही. शिवाय त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटेच ध्वनिमुद्रण बसे. ध्रुवपद, दोन-तीन कडवी आणि मधले वाद्यसंगीत हा भावगीताचा आकार काही अंशी या यांत्रिक मर्यादेने ठरविला. गजाननराव वाटवे यांनी १९४०च्या दशकात जाहीर कार्यक्रमांतून भावगीत गावोगाव नेले, तेव्हा हा आकार श्रोत्यांच्या अपेक्षेचाच भाग होऊन गेला होता.

तिसरा टप्पा आकाशवाणीचा. १९५२ ते १९६२ या काळात बा. वि. केसकर हे केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री होते. रागसंगीताचा त्यांना ध्यास होता आणि चित्रपटगीतांविषयी तिटकारा. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते मात्र रागसंगीताकडे वळले नाहीत. ते रेडिओ सिलोनकडे वळले. तेव्हा चित्रपटगीताला सुसंस्कृत पर्याय म्हणून आकाशवाणीने स्वतःच गीते निर्माण करण्यासाठी विभाग उघडले, कवी आणि संगीतकार नेमले, गायकांच्या स्वरचाचण्या घेऊन श्रेणी ठरविल्या. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून चित्रपटगीतेही परत घ्यावी लागली. शास्त्रीय संगीताच्या कट्टर पुरस्कर्त्याच्या हातून सुगम संगीताला राजाश्रय मिळाला, हा इतिहासाचा एक विनोदच म्हटला पाहिजे. पण यातून ‘सुगम’ या शब्दाचे मूळ काम स्पष्ट होते. रागसंगीत नव्हे आणि चित्रपटसंगीतही नव्हे, असे जे काही प्रसारित करावयाचे त्यासाठी हे एक खाते होते. खात्याच्या नावावरून खात्यातील मालाची प्रत ठरविणे हे तर्कदुष्ट आहे.

याच आकाशवाणीत १९३८ पासून १९५६ मध्ये निधन होईपर्यंत बा. सी. मर्ढेकर नोकरीस होते. मराठी कवितेतील दुर्बोधतेचा वाद ज्यांच्या नावाभोवती पेटला, त्यांनी ‘कर्ण’, ‘बदकांचे गुपित’ यांसारख्या संगीतिकाही लिहिल्या. दुर्बोध आणि सुगम यांच्यात आपण जी अभेद्य भिंत कल्पितो ती निदान या एका माणसाच्या लेखनात नव्हती.

४

सुगम संगीतावरील आक्षेप तीन दिशांनी येतात. पहिला आक्षेप संगीताच्या बाजूचा. भावगीत रागाची छाया घेते, पण रागविस्ताराची जबाबदारी घेत नाही. उपज नाही, बढत नाही. राग येथे वातावरणनिर्मितीपुरता उरतो. स्मूद जॅझवरील मुख्य आक्षेपही असाच आहे. जॅझचा प्राण असलेले उत्स्फूर्त, धोका पत्करणारे वादन त्यातून वजा होते आणि केवळ नाद उरतो, असे म्हटले जाते. हे निरीक्षण म्हणून खरे आहे. निकष म्हणून मात्र ते दोन्ही ठिकाणी सारखे लागू पडत नाही. वाद्यसंगीतातून विस्तार काढून टाकला तर त्या जागी काय येते, हे स्मूद जॅझला सांगावे लागते. भावगीतात त्या जागी शब्द आलेला असतो. यशवंत देव यांनी या प्रकाराला ‘शब्दप्रधान गायकी’ म्हटले आणि त्या नावाचे पुस्तकही लिहिले, त्याचे मर्म हेच आहे. स्वराने कवितेच्या अर्थाचा विस्तार करावा, अशी ही प्रतिज्ञा आहे. तेव्हा भावगीताला रागविस्ताराच्या अभावाबद्दल दोष देण्याऐवजी त्यात अर्थविस्तार घडतो की नाही, असे विचारले पाहिजे. हा प्रश्न अधिक कठीण आहे आणि त्याचे उत्तर अनेक गीतांना देता येणार नाही.

दुसरा आक्षेप साहित्याच्या बाजूचा. चाल कवितेच्या अनेक अर्थांतून एक अर्थ निवडते आणि तो कायमचा पक्का करते. पदव्युत्तर वर्गात कविता शिकविणाऱ्या प्रत्येकास हा अनुभव असेल. गायिली गेलेली कविता विद्यार्थी वाचत नाहीत, आठवतात. आणि आठवतात ती चालीसकट. ओळीतील यती जेथे कवीने ठेवली तेथे न पडता संगीतकाराने ठेवली तेथे पडते. वगळलेली कडवी त्यांच्या लेखी अस्तित्वातच नसतात. हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. तरी त्याचे स्वरूप नेमके समजून घेतले पाहिजे. चाल म्हणजे कवितेचे एक अर्थनिर्णयन होय. कोणतेही समर्थ अर्थनिर्णयन इतर वाचनांना काही काळ झाकोळून टाकते. चांगली टीकाही तेच करते. चालीचा दोष असेल तर तो तिने अर्थ निवडला यात नाही. निवडलेला अर्थ कवितेपेक्षा लहान असला तर दोष आहे.

तिसरा आक्षेप समाजशास्त्रीय आहे. हे संगीत सांत्वन करते, प्रश्न मिटवून टाकते, ऐकण्याऐवजी सोबतीला वापरले जाते. केनी जी यांची ‘गोइंग होम’ ही रचना चीनमध्ये दुकाने आणि शाळा बंद होण्याची वेळ कळविण्यासाठी वर्षानुवर्षे वाजविली जाते. ज्या संगीताने आता घरी जा एवढेच सुचवावे, त्याचे कला म्हणून काय उरले, असा प्रश्न येथे साहजिक आहे. आपल्याकडेही दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात, लग्नाच्या मांडवात, प्रवासी गाड्यांत भावगीते अशीच पार्श्वभूमी म्हणून वाजतात. परंतु वापर हा रचनेचा गुणधर्म नव्हे. भूपाळी, ओवी, पाळणा या आपल्याकडच्या किती तरी रचना वापरासाठीच निर्माण झाल्या. त्यामुळे त्यांचे काव्यत्व नाकारण्याचे धाडस कोणी करीत नाही. रचना अनवधानाने ऐकली जाते हा श्रोत्याचा दोष. ती केवळ अनवधानानेच ऐकता येते, अवधान दिल्यास तिच्यात काहीच सापडत नाही, हा रचनेचा दोष. या दोहोंत अंतर आहे.

५

सुगमता हे मूल्य मानावयाचे असेल तर त्याची व्याख्या कोठून घ्यावी? येथे संस्कृत साहित्यशास्त्राकडे पाहणे उपयुक्त ठरेल, कारण या शास्त्राने सुलभतेला ‘प्रसाद’ या नावाने काव्यगुणांत मानाचे स्थान दिले आहे. मम्मटाने प्रसादाची कल्पना वाळलेल्या इंधनात शिरणाऱ्या अग्नीच्या आणि निर्मळ पाण्याच्या दृष्टान्ताने मांडली आणि हा गुण सर्व रसांत असू शकतो असे म्हटले. म्हणजे प्रसाद हा हलक्याफुलक्या रचनांचा राखीव गुण नाही. रौद्रातही तो असतो.

त्याहून मार्मिक विवेचन वामनाचे आहे. वामनाने बंधाचा, म्हणजे शब्दरचनेचा, विचार करताना ओज म्हणजे गाढबंधत्व आणि प्रसाद म्हणजे शैथिल्य अशी मांडणी केली. मग त्यानेच शंका उपस्थित केली की शैथिल्य हा तर ओजाचा विपर्यय, म्हणजे दोष. तो गुण कसा? त्याचे उत्तर असे की निव्वळ शैथिल्य हा दोषच आहे. ओजाशी मिसळलेले शैथिल्य हा गुण होय. परस्परविरुद्ध गोष्टी एकत्र कशा नांदतील, या पुढच्या शंकेला त्याने करुणरसप्रधान नाटकाचा दाखला दिला. तेथे प्रेक्षकाला सुख आणि दुःख मिसळून अनुभवास येते, तसेच हे.

सुगम संगीताच्या समीक्षेला लागणारा निकष मला या बाराशे वर्षांपूर्वीच्या विवेचनात सापडतो. मर्ढेकरांच्या परिभाषेत तो पुन्हा मांडता येईल. त्यांच्या सौंदर्यविचारात लयीची तीन तत्त्वे आहेत : संवाद, विरोध आणि समतोल. विरोध संपूर्ण काढून टाकला तर समतोल साधण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण तोलावयाचे काही शिल्लक नसते. केवळ संवादाने भरलेली रचना गोड असते आणि निर्जीव असते. आपण तिला ‘गुळगुळीत’ म्हणतो, आणि हा शब्द मराठीत वापरून झिजलेल्या नाण्यासाठीही आहे. ‘सुगम’ या शब्दाची व्युत्पत्ती मात्र वेगळी वाट दाखविते. जेथून सहज जाता येते ते सुगम. घाटातील रस्ता सुगम होतो तेव्हा चढ नाहीसा झालेला नसतो. तो चढणे शक्य केलेले असते. सपाटीवरील रस्ताही सुगमच असतो, पण तो कोठेही चढून नेत नाही. सुगमतेचे हे दोन प्रकार ओळखणे हेच या क्षेत्रातील समीक्षेचे मुख्य काम आहे.

६

या निकषावर दोन उदाहरणे तपासून पाहू. पहिले ‘गीतरामायणा’चे. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते आणि सुधीर फडके यांच्या चाली यांनी सिद्ध झालेली ही मालिका १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून सुरू झाली आणि दर आठवड्यास एक नवे गीत याप्रमाणे वर्षभर चालली. चोवीस हजार श्लोकांचे महाकाव्य ५६ गीतांत आणणे हे उघडच सुलभीकरण आहे. पण माडगूळकरांनी ते कसे केले? त्यांनी कथा सांगणाऱ्या निवेदकास जवळजवळ बाजूला सारले आणि प्रत्येक प्रसंग त्या त्या पात्राच्या मुखी दिला. कौसल्या बोलते, शूर्पणखा बोलते, सीता बोलते. प्रत्येकीचे रामायण वेगळे आहे. आरंभी कुश आणि लव रामासमोर रामाचीच कथा गातात आणि स्वतः राम श्रोता होतो, या योजनेमुळे गाणे आणि ऐकणे हाच रचनेचा एक विषय झाला आहे. भाषा प्रासादिक आहे. तरी दृष्टिकोन गीतागणिक बदलत असल्याने ऐकणाऱ्याला दर वेळी नव्या जागी उभे राहावे लागते. वामनाच्या भाषेत बोलावयाचे तर पदबंधातील शैथिल्याला संरचनेतील गाढता तोलून धरते.

याच उदाहरणात सुगमतेचा ऱ्हासही दिसतो, आणि तो रचनेत नसून तिच्या पुढील आयुष्यात आहे. मूळ प्रसारणात फडके यांच्याबरोबर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, लता मंगेशकर असे अनेक आवाज होते. पुढे रंगमंचावर आणि ध्वनिमुद्रिकांतून ही सर्व गीते एकट्या सुधीर फडके यांच्या आवाजात प्रसृत झाली आणि तेच रूप सर्वतोमुखी झाले. फडके यांचे गायन थोर होते यात शंका नाही. तथापि अनेक कंठांतून उभे राहिलेले नाट्य एका कंठात आल्यावर त्यातील परस्परविरोध मवाळ झाले. पात्रांचे रामायण भक्ताचे रामायण झाले. आज श्रोत्यांना भावणारी त्याची शांत, एकजिनसी प्रकृती ही काही प्रमाणात या स्थित्यंतराची निर्मिती आहे.

दुसरे उदाहरण ग्रेस यांचे. ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) या पहिल्या संग्रहापासून ग्रेस हे दुर्बोध कवी म्हणून ओळखले गेले. त्यांची प्रतिमासृष्टी खाजगी आहे, वाक्यांचे परस्परसंबंध सैल आहेत, असे त्यांच्याविषयी वर्गावर्गांतून सांगितले जाते. आणि याच कवीची भयाविषयीची एक कविता हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत, लता मंगेशकरांच्या आवाजात, ‘महाश्वेता’ या दूरदर्शन मालिकेचे शीर्षकगीत म्हणून महाराष्ट्रातील सामान्य कुटुंबांत पोहोचली. कवितेचा अर्थ सांगा म्हटले तर सांगता येणार नाही, असे असंख्य लोक ती गुणगुणतात. याला अर्थशून्य सुलभता म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. हृदयनाथांच्या चाली ऐकावयास सुगम वाटल्या तरी गावयास दुर्गम असतात. स्वरांच्या अनपेक्षित उड्या आणि ओळीच्या शेवटी न विसावणारी वाक्ये ही त्यांची ओळख आहे. श्रीनिवास खळे यांच्या रचनाही याच अर्थाने फसव्या सोप्या आहेत. या गीतात चालीने कवितेचे कोडे सोडविलेले नाही. कोडे तसेच ठेवून त्यातील भयाचा भाव तेवढा संक्रांत केला आहे. श्रोता अर्थाच्या अलीकडेच थांबतो, पण रित्या हाताने नव्हे. समीक्षेने दुर्बोध ठरविलेल्या कवीला एका ‘सुगम’ प्रकाराने वाचक मिळवून दिले, याचा विचार दुर्बोधतेच्या चर्चेत होणे आवश्यक आहे.

या दोहोंच्या जोडीला विपरीत उदाहरणांचा तोटा नाही. ध्वनिफितींच्या स्वस्ताईच्या काळात, १९८०च्या दशकापासून, जुन्या गीतांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. त्यांत वाद्यमेळाची जागा विजेवर चालणाऱ्या कळफलक वाद्याने घेतली, लय एकसारखी झाली, श्वासाच्या जागा बुजविल्या गेल्या. शब्द तेच, सुरावट तीच. गेला तो विरोध. चालीतील ज्या जागी शब्द क्षणभर अडत होता ती जागा घासून साफ केली गेली. स्मूद जॅझवरील टीकेत जे सर्वांत खरे आहे ते या आवृत्त्यांना तंतोतंत लागू पडते.

७

येथवर सुगमतेचा विचार रचनेच्या अंगाने केला. सुगम कोणाला, हा प्रश्न मात्र उरतोच. प्रस्तुत लेखक राहतो ते बजाजनगर ही छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक क्षेत्रालगतची वसाहत आहे. कारखान्यांच्या निमित्ताने मराठवाड्याच्या आणि विदर्भ-खानदेशाच्या गावांतून आलेली कुटुंबे येथे वसली. येथे १४ एप्रिलला वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीते ऐकू येतात, सप्ताहात अभंग ऐकू येतात आणि दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात भावगीते. तिन्ही प्रकार येथील लोकांना सहज कळतात. किंबहुना वामनदादांचे गीत भावगीतापेक्षा अधिक जणांना अधिक लवकर कळते. तरीही ‘सुगम संगीत’ हे नाव मिळाले ते केवळ तिसऱ्या प्रकाराला. यावरून या संज्ञेत एक सामाजिक अर्थ दडलेला आहे हे उघड होते. येथे सुगम म्हणजे समजावयास सोपे एवढेच नव्हे. मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित मध्यमवर्गाच्या उच्चाराला, संयमाला आणि दुःख व्यक्त करण्याच्या रीतीला सुसह्य असे. आवाज चढलेला नसावा, मागणी केलेली नसावी, दुःख एकट्याचे असावे, अशा त्याच्या अलिखित अटी होत्या. जलशातील आणि शाहिरीतील गीतांत शब्द प्रधानच असतो. पण ‘शब्दप्रधान गायकी’च्या चर्चेत त्यांची नावे क्वचितच येतात.

अमेरिकेतील वादाला वर्गाचे आणि वर्णाचे असेच एक अंग आहे, पण त्याची दिशा उलटी आहे. बेन्सन किंवा वॉशिंग्टन यांच्या श्रोत्यांत कृष्णवर्णीय मध्यमवर्गाचा वाटा लक्षणीय होता. दिवसभराच्या कामानंतर घरी विसावण्याचा हक्क त्या वर्गाने नुकता मिळविला होता आणि हे संगीत त्या विसाव्याचे संगीत होते. त्याला निव्वळ बाजारू ठरविणाऱ्यांनी हा श्रोता सहसा पाहिला नाही. म्हणजे एकाच गुळगुळीतपणाला एका समाजात प्रस्थापिताची मर्यादा म्हणून आणि दुसऱ्या समाजात वंचिताची मिळकत म्हणून अर्थ प्राप्त होतो. अशोक दा. रानडे यांनी भारतीय संगीताचे आदिम, लोक, कला, भक्ती, जन आणि संगम असे वर्ग कल्पिले, तेव्हा उच्चनीचतेची उतरंड त्यांना अभिप्रेत नव्हती. प्रत्येक वर्गाचे प्रयोजन आणि निकष वेगळे असतात, हे त्यांना सांगावयाचे होते. गीताच्या समीक्षेने हा धडा गिरविला पाहिजे.

८

या विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. ‘सुगम’ ही मूलतः प्रसारणाची कोटी आहे. तिच्यावरून गुणवत्तेचा निर्णय अनुकूल वा प्रतिकूल असा काहीच देता येत नाही. सुगमता हा गुण होऊ शकतो, पण तो स्वयंसिद्ध गुण नव्हे. तिच्या आत ताण टिकून असेल तरच ती प्रसाद या नावास पात्र ठरते. म्हणून रसिकांनी केवळ हृदयस्पर्शीपणाचा दाखला देऊन गीताचे समर्थन करणे पुरेसे नाही, आणि जाणकारांनी केवळ सोपेपणाकडे बोट दाखवून ते निकालात काढणेही पुरेसे नाही. रचनेने कोणती अडचण ओलांडली आणि कोणती टाळली, हे दोघांनाही दाखवून द्यावे लागेल.

यासाठी मराठी विभागांना आपल्या पद्धतीत बदल करावा लागेल. गीत हे छापील पानावरील कविता म्हणून वाचले तर त्याच्यावर अन्याय होतो, कारण त्याने अर्थाचा काही भाग स्वराच्या भरवशावर मोकळा सोडलेला असतो. ते केवळ ऐकले तर कवितेवर अन्याय होतो. मूळ संहिता, गायिलेली कडवी, वगळलेली कडवी, यतीची स्थाने आणि एकाच गीताची भिन्न ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून अभ्यास करण्याची पद्धत आपल्याला घडवावी लागेल. त्या अभ्यासात माडगूळकर आणि पाडगावकर यांच्या शेजारी वामनदादा कर्डकांचीही संहिता असली पाहिजे. यशवंत देव आणि अरुण दाते २०१८ मध्ये गेले, लता मंगेशकर २०२२ मध्ये गेल्या. त्या पिढीची साक्ष वेगाने नाहीशी होत आहे आणि आकाशवाणीसाठी झालेली ध्वनिमुद्रणे व्यवस्थित सूचीसह अभ्यासकांच्या हाती येणे निकडीचे झाले आहे. असा अभ्यास झाल्यावर काही आवडती गीते आपल्या मनातून उतरतील, हे गृहीत धरले पाहिजे. काही मात्र आज वाटतात त्याहून अवघड निघतील, आणि मराठी कवितेच्या इतिहासात त्यांना जागा द्यावी लागेल.